गावच्या घरासाठी जनरेटर: आधी पंप बघा, मग केव्हीए

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील दापोली तालुक्यात गावच्या घरी दोघंच राहतात, वय सत्तरीच्या पुढे. बोअरवर दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, फ्रिज (त्यात वडिलांचं इन्सुलिन), चार पंखे, दिवे, टीव्ही. एका खोलीत दीड टनाचा एसी, तो मुलं मे महिन्यात गावी गेली की लागतो. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. दुकानदार साडेसात केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद) डिझेल जनरेटर गळ्यात मारतोय, चुलतभाऊ म्हणतो दोन केव्हीएचा सायलेंट पेट्रोल पुरे. बजेट लाख-सव्वा लाख. शिवाय छपरावर सोलर लावलं तर जनरेटर लागेलच कशाला, अशीही शंका.

मी दक्षिण रायगड आणि दापोली-मंडणगड भागात वायरिंगची आणि जनरेटर बसवण्याची कामं करतो. त्यावरून सांगतो, दुकानदार आणि चुलतभाऊ दोघांनाही बाजूला ठेवा. जनरेटर आख्खं घर दिवसभर चालवायला घ्यायचाच नसतो. तो दिवसातून दोनदा दीड-दीड तास चालवायचा. तेवढ्यात टाकी भरायची, फ्रिज गार करायचा, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करायची आणि बंद करायचा. रात्र इन्व्हर्टरवर काढायची. हा हिशोब डोक्यात ठेवून निवड केली की यंत्र लहान लागतं, पेट्रोल कमी लागतं आणि म्हाताऱ्या माणसांची धावपळ वाचते.

असं का म्हणतो ते निसर्ग वादळाच्या वेळी आमच्या भागातल्या सगळ्यांनी पाहिलंय. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं आणि रायगड, मंडणगड, दापोलीत खांबच्या खांब आडवे झाले. कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. अशा वेळी आधी सबस्टेशन उभं राहतं, मग ११ केव्हीची मुख्य लाईन, मग डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर), आणि सगळ्यात शेवटी वाडीत जाणारी तार. तुमचं घर वाडीच्या टोकाला असेल तर तुमचा नंबर शेवटचा. त्या दिवसांत ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांचे जनरेटर बिघडले म्हणून बंद पडले नाहीत, पेट्रोल संपलं म्हणून बंद पडले. रस्त्यावर झाडं, पेट्रोल पंपालाही लाईट नाही, मोबाईलचे टॉवर बंद, त्यामुळे फोनवरून पैसे देणंही बंद. तेव्हा जनरेटर किती केव्हीएचा यापेक्षा तो तासाला किती पितो, हे आधी विचारायला हवं.

आकडा मांडून बघा. पाच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घरगुती लोडवर तासाला सरासरी दीड लिटर धरा, पंप चालू असताना थोडं जास्त. दिवसाला तीन तास चालवला तर साडेचार लिटर. घरात पंचवीस लिटर असेल तर पाच-साडेपाच दिवस निघतात. तोच चोवीस तास चालवायला गेलात तर दिवसाला छत्तीस लिटर, म्हणजे तो साठा दुसरा दिवसही बघत नाही. पैशांचंही तेच. छोट्या जनरेटरवर एका लिटरात दोन युनिटं वीज मिळाली तरी चांगलं म्हणायचं. पेट्रोल शंभरीच्या पुढे, तेव्हा युनिटला पन्नास रुपये पडले. त्या विजेवर रात्रभर पंखा फिरवणं म्हणजे उधळपट्टी.

आता पंपाकडे येतो, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक तोच आहे.

दीड एचपी म्हणजे सुमारे ११२० वॅट, पण तो मोटरच्या शाफ्टवर मिळणारा जोर. बोअरच्या सिंगल फेज मोटरची कार्यक्षमता साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे ती लाईनवरून साडेसतराशे ते अठराशे वॅट ओढते. करंट नऊ ते अकरा अँपिअर. पंपाच्या पॅनलवर अँपिअर मीटर असतोच. लाईट असताना पंप चालू करून वडिलांना काटा बघायला सांगा. माझ्या अंदाजापेक्षा तो आकडा खरा.

हे झालं चालू असतानाचं. सुरू होताना पहिल्या क्षणी ही मोटर चौपट-पाचपट करंट मागते, म्हणजे चाळीस-पन्नास अँपिअर. महावितरणची लाईन तो धक्का सहज झेलते, जनरेटरला तेवढी ताकद नसते. पाच केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टवर सततचे साधारण बावीस अँपिअर देतो. धक्का बसला की त्याचा व्होल्टेज खाली येतो, आणि व्होल्टेज पडला की मोटरचा जोर वर्गाच्या पटीत पडतो. व्होल्टेज ऐंशी टक्क्यांवर आला तर जोर चौसष्ट टक्के उरतो. मग मोटर गुरगुरत राहते, फिरत नाही, आणि ओव्हरलोड ट्रिप झाला नाही तर वाइंडिंग जळतं. पावसाळ्यात बोअरमधून मोटर बाहेर काढायची वेळ आली तर पाईप, दोर, चार माणसं आणि चिखल, हे सगळं आलं.

म्हणून आमच्या धंद्यातला साधा नियम: सबमर्सिबल चालताना जेवढे वॅट घेते त्याच्या तिप्पट क्षमतेचा जनरेटर घ्या. तुमच्या बाबतीत अठराशे गुणिले तीन, म्हणजे पाच-साडेपाच केव्हीए. दोन केव्हीएचा सायलेंट घेतलात तर पंपाचं बटण दाबल्यावर ओव्हरलोडचा लाल दिवा लागेल आणि सप्लाय तुटेल, बाकी काही होणार नाही. ते यंत्र वाईट नाही हं. पंप नसता, नळाचं पाणी आपोआप येत असतं, तर चुलतभावाचंच म्हणणं मी उचलून धरलं असतं: आवाज कमी, पेट्रोल कमी, उचलायला हलकं, आणि टीव्ही-राउटरला लागते तशी स्वच्छ वीज. पण त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला मोटरचा धक्का सोसत नाही.

एक वेगळा रस्ता आहे, तो कुणी दुकानदार सांगणार नाही. बोअर किती फूट आहे आणि पाणी कितीवर लागतं ते बघा. आमच्याकडे बऱ्याच घरांत एक एचपीत भागेल तिथे दीड एचपी उतरवलेली असते, कारण बोअरवाल्याने ‘असू दे थोडी जास्त’ म्हटलेलं असतं. एक एचपीत काम होत असेल तर पुढच्या वेळी मोटर काढाल तेव्हा लहान टाका, मग साडेतीन-चार केव्हीएचा जनरेटरही चालतो. आणि आत्ताच करायची गोष्ट म्हणजे आणखी एक हजार लिटरची टाकी. दोन टाक्या भरलेल्या असल्या तर दोन माणसांना काटकसरीने आठवडा निघतो, जनरेटर सुरू होवो न होवो. घराच्या बॅकअपमध्ये याहून स्वस्त काही मी पाहिलेलं नाही.

पंपाच्या पॅनलमधले कंडेन्सरही या निमित्ताने बदलून घ्या. त्यात एक स्टार्टचा आणि एक रनचा असतो. जुने झाले की त्यांची क्षमता उतरते. लाईनवर मोटर कशीबशी उचलते, त्यामुळे कुणाला कळत नाही, पण जनरेटरवर लगेच उघडं पडतं. ‘जनरेटर लोड घेत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी पॅनल उघडतो.

डिझेलचं म्हणाल तर साडेसात केव्हीएचा डिझेल तुमच्या घराला नको. दुकानदाराचं एक म्हणणं खरं आहे: डिझेल इंजिन टिकाऊ, १५०० आरपीएमवर शांतपणे फिरतं, तेल कमी खातं, आणि डिझेल साठवायला पेट्रोलपेक्षा कमी धोक्याचं. शेतीला रोज चार-सहा तास लागत असता तर मी तोच घ्या म्हटलं असतं. पण तुमचा पंप बंद झाला की उरतो कोण? फ्रिज, दोन पंखे, बॅटरी चार्जर. साडेसात केव्हीएवर हा लोड दहा-पंधरा टक्के. डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये काळं चिकट होऊन साचतं, पुढे नोझल आणि रिंगांचं काम निघतं. शिवाय कॅनोपीसकट ते धूड काही क्विंटलचं, त्याला काँक्रीटचा चौथरा लागतो. १ जुलै २०२३ पासून डिझेल जनरेटरना सीपीसीबी फोर प्लस हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्यानंतर किमतीही चढल्या. तुमच्या बजेटात साडेसातचा नवा मिळतोय असं कुणी सांगत असेल तर तो नवा आहे का, आणि त्यावर नव्या नियमाची पट्टी आहे का, हे दोन्ही बघा.

गॅसवर चालणारे किटही मिळतात. घरगुती सिलेंडर त्याला जोडणं नियमात बसत नाही आणि गावात पाईपचा गॅस नाही, तेव्हा तो विषय इथेच संपला. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जनरेटर घरोघरी असत; अजून एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात दिसेल, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

थोडक्यात, पाच केव्हीएचा पेट्रोल, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) असलेला, सेल्फ-स्टार्ट. सेल्फवर मी अडून बसेन, कारण तुम्ही डोंबिवलीला आणि दोरी ओढणार तुमचे वडील. पाच केव्हीएचं इंजिन दोरीने उचलायला धडधाकट माणसालाही खांदा लावावा लागतो. पण सेल्फची बॅटरी सहा महिने तशीच पडून राहिली की उतरते आणि ऐन वेळी फक्त ‘टक’ असा आवाज येतो. जनरेटर महिन्यातून एकदा चालवा, किंवा त्या बॅटरीला छोटा ट्रिकल चार्जर लावून ठेवा.

दुकानात गेलात की मोठ्या अक्षरांतला आकडा सोडून द्या आणि अल्टरनेटरवरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागावरची, पट्टी वाचा. तिथे दोन आकडे असतात, मॅक्सिमम (थोडा वेळच मिळणारा) आणि रेटेड (सतत मिळणारा). स्टिकरवर साडेपाच आणि पट्टीवर रेटेड साडेचार, असं सर्रास चालतं. तुम्हाला रेटेड पाच हवा. पट्टीवर केव्हीए आणि किलोवॅट असे दोन्ही आकडे असतील तर किलोवॅटचा धरा. वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करतो त्याचं उत्तर तुम्हाला कळलंच. मग डेमो मागा, पण रिकामा नको. दोन हजार वॅटचा हिटर किंवा दोन इस्त्र्या लावायला सांगा. फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टीमीटर सोबत न्या. लोड नसताना ५१-५२ हर्ट्झ आणि लोडवर ४९-५० च्या आसपास असेल तर गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणारा भाग, नीट आहे. लोड टाकताच इंजिन मान टाकतं, मग दोन-तीनदा वरखाली करत सावरतं, असं दिसलं तर दुसरा पीस काढायला सांगा. ब्रँड तोच घ्या ज्याचा मेकॅनिक दापोलीत किंवा फार तर खेडला बसतो. मुंबईत चार हजार स्वस्त मिळाला आणि कार्ब्युरेटरच्या एका जेटसाठी दोन आठवडे थांबलात तर काय मिळवलंत?

सेकंडहँडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बजेट बघता कुणीतरी सुचवेलच. मंडपवाल्याकडचा घेऊ नका. लग्नाच्या हंगामात तो हॅलोजनवर रात्र रात्र पिळून निघालेला असतो.

आता जागा. लिहिताना या भागात मी जरा कडक होणार आहे.

जनरेटर पडवीत नाही, ओटीवर नाही, गोठ्यात नाही, मागच्या न्हाणीत नाही. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. ‘खिडकी उघडी ठेवलीय’ या वाक्याला काही अर्थ नाही, कारण उघड्या खिडकीतूनच धूर आत येतो. पावसात भिजेल म्हणून पडवीत घेतला, चोरीला जाईल म्हणून दार लोटलं, हे आपल्याकडे घडतं आणि त्यातून माणसं जातात. घरापासून वीस फूट लांब, परसात, चौथऱ्यावर पत्र्याचं छप्पर करा. तीन बाजू मोकळ्या. घराच्या ईशान्येला जागा असेल तर उत्तम, कारण पावसाळ्यात वारं नैर्ऋत्येकडून येतं आणि धूर घरापासून दूर जातो. सायलेन्सरचं तोंड घराकडे नको. आईवडील झोपतात त्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. चोरीची भीती असेल तर चौथऱ्यात कडी बसवून साखळदंड घाला, पण भिंती घालू नका.

वीस फूट लांब म्हणजे केबल आली. तिथे हात आखडू नका. परसातून मेन बोर्डापर्यंत आणि पुढे बोअरपर्यंत मिळून चाळीस मीटर अंतर धरलं, तर दीड स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये पंप सुरू होताना चाळीस अँपिअरला जवळजवळ चाळीस व्होल्ट वाटेतच जिरतात. अडीचच्या वायरमध्ये चोवीस. चारच्या वायरमध्ये पंधराच्या आसपास. आधीच जनरेटरचा व्होल्टेज पडलेला, त्यात वायरने खाल्ला तर पंप उचलणार कसा? चार स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या.

घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा तो चेंजओव्हर स्वीचमधूनच: डबल पोल, ३२ अँपिअर, तीन जागांचा, एकीकडे लाईन, मध्ये बंद, दुसरीकडे जनरेटर. बरेच जण दोन्ही टोकांना प्लगपिन लावलेली वायर करतात आणि कुठल्यातरी सॉकेटमधून घरात सप्लाय सोडतात, ‘मेन बंद केलंय ना’ म्हणून. एक दिवस मेन बंद करायचं राहतं. मग तुमची वीज सर्व्हिस वायरने खांबावर जाते. तिथे महावितरणचा वायरमन लाईन बंद आहे या भरवशावर चढलेला असतो, त्याच्या हातात २३० व्होल्ट येतात. डीपीपर्यंत तार शाबूत असेल तर तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालून ११ केव्हीच्या तारेवर हजारो व्होल्ट चढवू शकतो. वादळानंतर हीच माणसं बारा-बारा तास चिखलात खांब उभे करत असतात. आणि समजा कुणाला काही झालं नाही, तरी लाईन अचानक आली की तुमच्या जनरेटरचं वाइंडिंग त्याच क्षणी जळतं. अशी वायर करून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. तुमच्याकडे आधीच असेल तर तोडून टाका.

चेंजओव्हर डबल पोल म्हणतो कारण न्यूट्रलही तुटला पाहिजे. आणि एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी राहून जाते: पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल सहसा अर्थला जोडलेला नसतो. तपासायला जनरेटरच्या सॉकेटला टेस्टर लावा, दोन्ही भोकांत मंद पेटतो. अशा सप्लायवर घरातला आरसीसीबी (शॉक बसला की सप्लाय तोडणारा स्वीच) बसवूनही उपयोग नाही, शॉक बसला तरी तो उडत नाही. जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग करून त्याचा न्यूट्रल चेंजओव्हरच्या आधी अर्थला जोडून घ्यावा लागतो. इन्व्हर्टर टाइप (चुलतभाऊ म्हणतो तशा सायलेंट) जनरेटरच्या बाबतीत आधी त्याचं मॅन्युअल बघायचं. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण जनरेटर चालू असताना दाबून दाखवायला सांगा.

पेट्रोल साठवण्याचं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. पण भांडं धातूचं आणि घट्ट झाकणाचं हवं, एक भांडं २५ लिटरच्या वर नको. तेलाचे प्लास्टिकचे कॅन आणि पाण्याच्या बाटल्या यात बसत नाहीत. ठेवायचं घराबाहेर, सावलीत, चुलीपासून आणि देवघरापासून लांब. देवघर मुद्दाम लिहिलंय, नंदादीप असतो.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ओलाव्याला तोटा नाही. पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, तेच आधी कार्ब्युरेटरमध्ये जातं आणि जेट गंजतं, चिकटतं. ‘मागच्या वर्षी मस्त चालला, आता धरतच नाही’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून साठवलेलं पेट्रोल दर महिना-दीड महिन्याने स्कूटरमध्ये ओता आणि नवीन भरा. जनरेटर बंद करताना बटणाने बंद करू नका. लोड काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप थांबू द्या. मात्र हे तापलेलं इंजिन आहे हे विसरू नका. टाकीत पेट्रोल ओतायचं असेल तर आधी पंधरा मिनिटं गार होऊ द्या. सायलेन्सर लालसर गरम असतो आणि वर पेट्रोल सांडलं की पुढचं सांगायला नको.

इन्व्हर्टरचं गणित. दीडशे अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी असलेला साधा इन्व्हर्टर पुरे. पण जनरेटर तीन तास चालवून ती पूर्ण भरत नाही. साध्या इन्व्हर्टरचा चार्जर बारा-पंधरा अँपिअरचा असतो. तीन तासांत छत्तीस ते पंचेचाळीस अँपिअर-तास, म्हणजे साधारण पाचशे वॅट-तास जातात. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो. तसे दोन रात्रभर चालवले तर आठ तासांना बाराशे वॅट-तास लागतात, जमत नाही. तेच दोन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर मधल्या स्पीडला दोन्ही मिळून चाळीस-पन्नास वॅटमध्ये भागतं आणि एक छोटा दिवाही रात्रभर राहतो. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त. आणखी एक: इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असा एक बटणस्वीच असतो. यूपीएस मोडमध्ये तो जनरेटरची वरखाली होणारी वीज नाकारतो, जनरेटर धडधडतोय आणि बॅटरी उतरतेय असा प्रकार होतो. जनरेटरवर असताना नॉर्मलवर ठेवा. मला फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे.

चालू करण्याचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चेंजओव्हरशेजारी चिकटवा. आधी घरातले सगळे स्वीच बंद. जनरेटर सुरू, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्यायचा. चेंजओव्हर जनरेटरवर. पहिला पंप. टाकी भरून पंप बंद झाला की फ्रिज, मग इन्व्हर्टर. पंप आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर एकाच क्षणी उचलायला गेले की पाच केव्हीएलाही धाप लागते.

इन्सुलिनचं टेन्शन घेऊ नका. बंद ठेवलेला फ्रिज चारेक तास थंडावा धरतो, आणि सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास मिळाला तरी पुष्कळ सावरतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. लाईट गेली की त्यातली एक खालच्या कप्प्यात आणा. मात्र इन्सुलिन त्या बाटलीला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर किती दिवस चालते ते औषधाप्रमाणे बदलतं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

सोलर लावा, जरूर लावा, पण वीजबिलासाठी. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, गावच्या घराला चांगला सौदा आहे. पण त्या योजनेत सहसा बसतात ते ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडलेले साधे इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद होतात, वर लख्ख ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, त्याच वायरमनसाठी. बॅटरीवाला हायब्रिड घेतलात तर दिवे-पंखे चालतील, पण जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा त्याच्यावर पंप काढायची आशा करू नका. सोलर आणि जनरेटर दोन्ही असतील तर जनरेटर चालू असताना सोलरचा ग्रीड इन्व्हर्टर वेगळा राहील असं वायरिंग करून घ्या, नाहीतर तो जनरेटरलाच ग्रीड समजून त्यात वीज ढकलायला बघतो.

देखभाल फार नाही, पण चुकवू नका. नव्या इंजिनचं ऑईल पहिल्या वीस-पंचवीस तासांनी बदला, नंतर दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, मे महिन्यात. महिन्यातून एकदा वीस मिनिटं पंपासकट चालवा. नुसता रिकामा नको. लोडवर चालला की वाइंडिंग तापतं आणि त्यात शिरलेला दमटपणा निघून जातो. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला जनरेटर कधी सुरू होतो पण व्होल्टमीटर शून्यावरच राहतो. अल्टरनेटर जळला म्हणून घाबरू नका, त्यातलं शिल्लक चुंबकत्व उतरलेलं असतं. मेकॅनिक बारा व्होल्टच्या बॅटरीने दोन मिनिटांत ते परत आणतो. घरी तो प्रयोग करू नका. उंदरांसाठी केबलच्या तोंडाशी जाळी लावा.

राहिला एसी. जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनी असेल तर चालू असताना दीड-पावणेदोन हजार वॅट घेतो आणि कॉम्प्रेसर उचलताना पंपासारखाच धक्का देतो. पाच केव्हीएवर पंप बंद असताना तो चालेल, पंपासोबत नाही. पण जनरेटरवर एसी म्हणजे तासाला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल. बाकीचं सगळं तुम्ही आईवडिलांच्या गरजेचं विचारलंत, एसी मात्र मे महिन्यातल्या पाहुण्यांसाठी आहे. तेव्हा त्यासाठी केव्हीए वाढवू नका. मुलांना म्हणावं, ओटीवर अंथरूण घाला.